आमची पोतदारी

पोतदार हें आडनांव आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु तें एका जबाबदारीच्या कामाचें नांव होतें, हें आतां फारच थोड्यांस आठवत असेल. गांवचा सारा सरकारांत भरावयाचा, तर रयतेनें आणिलेलें प्रत्येक नाणें पारखून घेणारा कोणी तरी लागे, तो पोतदार. नाणें दगडावर टाकून त्याचा नाद ऐकावा, कसोटीवर घासून कस पाहावा, कांट्यावर तोलावें, आणि तें उणें भरल्यास त्याचा बट्टा सांगावा, असा त्याचा क्रम. ‘बट्टा लागणें’ हा प्रयोग आज आपण माणसाच्या लौकिकाविषयीं करितों. तो मूळचा नाण्याचा. पोतदाराच्या एका शब्दावर चारचौघांचा व्यवहार चाले. तेव्हां तो शब्दहि नाण्याप्रमाणेंच तोलून मापून तोंडाबाहेर पडणें अवश्य होतें.

आमच्या घराण्यांत ही वृत्ति कधींहि नव्हती. तथापि गेल्या वर्षीं आम्हीं ती आपण होऊन पत्करिली, आणि तिचें जें फळ पदरीं आलें, तें वाचकांपुढें मांडावें असें मनांत आहे. स्वतःच्या मूर्खपणाची कथा चारचौघांत सांगण्याची हौस कोणास असणार? परंतु ती न सांगितल्यास दुसरा कोणी त्याच खड्ड्यांत पडेल, ही टोंचणी त्या संकोचाहून अधिक आहे.

आमचा नळदुर्ग गांव सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर आहे. बोरी नदी, किल्ला, आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत १६१३ सालीं बांधून झालेला पाणीमहाल, यांमुळें पावसाळ्यांत येथें प्रवाशांची गर्दी लोटते. आमच्या लहानपणीं पहिल्या मोठ्या पावसानंतर किल्ल्याच्या आसपास मातींतून एखादें तांब्याचें नाणें वर येई. त्यांतील एक नाणें एका जाणत्या गृहस्थांनीं वाचून दाखविलें, तेव्हां आम्ही थक्क झालों. इब्राहिमाच्या नांवापुढें ‘अबलाबली’, म्हणजे दुबळ्यांचा आधार अशा अर्थाचें, संस्कृत वळणाचें बिरुद फारसी लिपींत उमटविलेलें होतें! शास्त्रीबुवांपाशीं शिकत असलेली भाषा अशी विजापूरच्या सुलतानाच्या पैशावर भेटली, आणि त्या दिवसापासून जुन्या नाण्यांचा नाद आम्हांस लागला.

दुसरा संस्कार आजोबांचा. १९४८ पूर्वीं आमचा गांव निजामाच्या राज्यांत, आणि सुमारें पंधरा कोसांवरचें सोलापूर इंग्रजांच्या. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा त्यांचा ढोबळ भाव. सोलापुरास बाजाराला जाणाऱ्याला दोन्ही शिक्के ओळखावे लागत. आजोबा रुपया उंबऱ्याच्या दगडावर टाकून डोळे मिटून ऐकत, असें वडील सांगत असत. हें सांगण्याचें कारण एवढेंच, कीं नाण्यांच्या बाबतींत आपल्यापाशीं वडिलार्जित अक्कल आहे असा आमचा समज होऊन बसला होता. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि वर थोडें संस्कृत. एवढ्या भांडवलावर आम्हीं छत्तीस वर्षें शाळेंत काढलीं. लहान गांवांत छत्तीस वर्षें शिकविणाऱ्या माणसाला सर्व कांहीं कळतें अशी लोकांची समजूत होते; आणि दुर्दैव असें, कीं हळूहळू ती त्याचीहि समजूत होते.

गेल्या श्रावणांतील एका संध्याकाळीं आमचा एक जुना विद्यार्थी घरीं आला. हमरस्त्यावर त्याचें टायरचें लहानसें दुकान आहे. वर्गांत तो मागच्या बांकावर बसे, आणि शब्दरूपें चुकलीं कीं हंसून मान खालीं घाली. आतां त्याची मुलगी बारावी होऊन पुण्यास कॉलेजांत जावयाची होती. नमस्कार करून तो बसला, आणि खिशांतून मोबाईल काढून म्हणाला, “गुर्जी, जरा हे बघता का? खरं हाय का खोटं, तेवढं सांगा.”

पडद्यावर सोन्याचें एक इवलेंसें नाणें होतें. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, भोंवतीं ठिपक्यांचें वर्तुळ. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला, त्यानंतर पाडलेला शिवछत्रपतींचा होन! आम्हीं चष्मा पुसून तें चित्र पुनःपुन्हां मोठें करून पाहिलें. खरें सांगावयाचें तर डोळे भरून आले. इंटरनेटवर त्या होनाचा लिलाव चालू होता, व तो रात्रीं दहा वाजतां संपणार होता. ‘पडक्या वाड्याचा पाया खणतांना सांपडलेला’ असें विकणारानें लिहिलें होतें. बोली साठ हजारांच्या घरांत आली होती. मुलीच्या शिक्षणासाठीं बाजूस टाकलेल्या पैशांतून हा होन घ्यावा, एखाद्या धनिक संग्राहकास दुपटी-तिपटीनें विकावा, आणि कॉलेजाचा तीन वर्षांचा खर्च एकदम उरकावा, असा त्याचा हिशेब. भावास मात्र तो पटत नव्हता.

“भाऊ म्हणतोय, गुर्जींनी लिहून दिलं तर घे. तुमच्यावर इस्वास हाय त्याचा.”

येथेंच आम्हीं थांबावयास पाहिजे होतें. अस्सल होन आम्हीं जन्मांत कधींहि हातांत घेतला नव्हता. पाहिला तो पुस्तकांतील चित्रांत. म्हणजे चित्रावरून चित्राची परीक्षा करावयास आम्ही निघालों होतों. चित्राला नाद नसतो, वजन नसतें, कांठ नसतो. परंतु अक्षरें वाचतां आलीं, ‘श्री’चें वळण जुनें वाटलें, आणि समोरचा माणूस हात जोडून बसलेला होता. ‘आम्हांस यांतलें कळत नाहीं’ हे चार शब्द ओठांपर्यंत आलेसुद्धां नाहींत. वहीचें पान फाडून आम्हीं सुवाच्य अक्षरांत लिहून दिलें, कीं सदर नाणें आमच्या मतें अस्सल शिवकालीन आहे. खालीं सही, तारीख आणि ‘सेवानिवृत्त शिक्षक’ हे शब्द घालावयासहि विसरलों नाहीं. आमचें कुटुंब आंतून एकदांच म्हणालें, “अहो, हातात न घेताच?” त्यावर आम्हीं कोणत्या मुद्रेनें पाहिलें असेल, तें विवाहित वाचकांस सांगावयास नको. रात्रीं साडेदहाला फोन आला. होन साठ हजारांस मिळाला होता.

आठ दिवसांनीं पुडकें आलें. मखमलीची डबी, आंत होन, आणि सोबत जाड कागदावर छापलेलें प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रांत आणि आमच्या पत्रांत फरक एवढाच, कीं तें इंग्रजींत होतें. आम्ही, विद्यार्थी आणि त्याची मुलगी असे तिघे सोनाराकडे गेलों. सोनारानें होन चिमटींत उचलला, आणि कांट्यावर ठेवण्यापूर्वींच आमच्याकडे पाहिलें. हाताला कळलें होतें. शिवछत्रपतींचा होन सुमारें पावणेतीन ग्रॅमचा असतो. हा दीड ग्रॅमहि भरला नाहीं. सोनें हें तांब्याच्या दुपटीहून जड. आकार तोच राखून आंत तांबें घातलें, कीं वजन निम्म्यावर आलेंच पाहिजे. कसोटीच्या दगडावर पहिली रेघ पिवळी उठली, दुसरी तांबूस.

मुलगी तोंवर कांहीं बोलली नव्हती. तिनें बापाच्या हातांतून मोबाईल घेतला, आणि दहा मिनिटांत आणखी दोन होनांचीं चित्रें काढलीं. विकणारे निराळे, त्यांचे गांवहि निराळे. “आजोबा, हे बघा,” ती म्हणाली, “तिन्हींच्या ‘शि’शेजारी एकाच जागी खड्डा आहे.” तिघांच्या कांठाची चीरहि एकाच ठिकाणीं होती.

एवढी सोपी गोष्ट आमच्या ध्यानांत आली नव्हती. पूर्वीं नाणें पाडीत तें असें : धातूची तोललेली चकती दोन ठशांमध्यें ठेवावयाची आणि वर घण घालावयाचा. प्रत्येक घाव निराळा पडे, चकती थोडी सरके, कांठ निराळा फाटे. म्हणून एकाच ठशाचीं दोन नाणीं अक्षरांत जुळतील; परंतु त्यांचे कांठ आणि त्यांच्या अंगावरच्या जखमा कधींहि हुबेहुब जुळणार नाहींत. उलट बनावट करणारा एका नाण्याचा सांचा घेतो आणि त्यांत ओतीत सुटतो. त्यामुळें मूळ नाण्याची जखम त्याच्या सगळ्या लेंकरांच्या अंगावर जशीच्या तशी उतरते. ओतीव नाण्याच्या पृष्ठावर बारीक बुडबुड्यांचीं छिद्रें राहतात, अक्षरांच्या कडा बोथट येतात, आणि कांठावर सांच्याच्या दोन भागांची शिवण कधीं कधीं दिसते. हीं लक्षणें भिंगानें कोणासहि दिसतील. आम्हीं तीं शोधिलीं नाहींत, कारण आम्हांस तीं सांपडावयास नको होतीं.

त्यानंतर आम्हीं या विषयाचा थोडा अभ्यास केला. घोडा पळून गेल्यावर तबेल्यास कुलूप घालण्याचाच तो प्रकार. तथापि वाचकांचा घोडा अद्याप तबेल्यांत असेल, म्हणून चार गोष्टी येथें सांगतों.

सर्वांत जास्त नकला होतात त्या दुर्मिळ म्हणून ख्याति झालेल्या नाण्यांच्या. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया असाच प्रसिद्ध आहे. तोपर्यंतच्या कलदार रुपयांत बारांतील अकरा भाग चांदी असे; १९४० पासून ती निम्म्यावर आली. १९३९ चे रुपये फार थोडे आढळतात, म्हणून १९३८ च्या रुपयावरील शेवटचा आंकडा कोरून आठाचा नऊ करणारे निघाले. येथें वजन आणि धातु दोन्ही खरीं, फक्त आंकडा खोटा. अशा ठिकाणीं कांटा काय करील? तेथें भिंगच पाहिजे. मात्र सबंधच खोट्या रुपयाला पाण्याची परीक्षा पुरते. अस्सल रुपया १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम असतो. दोऱ्यानें बांधून पाण्यांत बुडवून तोलला, तर तो सुमारें १.१ ग्रॅमनें हलका भरतो. त्याच वजनाचा पितळेचा तुकडा सुमारें १.४ ग्रॅमनें. आर्किमिडीजचा हा सिद्धांत शाळेंत सर्वांनीं पाठ केलेला असतो. परंतु बाजारांत जातांना तो कोणी बरोबर नेत नाहीं.

दुसरा प्रकार याहून विलक्षण. एका बाजूस रामपंचायतन किंवा मारुति, दुसऱ्या बाजूस ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘एक आणा’ आणि १८१८ साल, असें नाणें पुष्कळांच्या देवघरांत असतें. कंपनीनें असें नाणें कधींच पाडलें नाहीं. एक आण्याचें नाणें म्हणून हिंदुस्थानांत प्रथम निघालें तें विसाव्या शतकाच्या आरंभीं, सातव्या एडवर्डच्या वेळीं, निकेल-मिश्रित धातूचें. आणि कंपनी तर १८५८ सालींच राज्यावरून गेलेली. देवघरांत तें खुशाल असावें. देवाच्या मूर्तीस साल लागत नाहीं. परंतु त्यासाठीं कोणी लाखाचा भाव सांगूं लागला, तर त्याला दारांतूनच निरोप द्यावा. कांहीं ठक तर तांदूळ ओढून घेणारें नाणें दाखवितात. त्या तांदळांत लोखंडाचे कण आधींच घातलेले असतात, हें निराळें सांगावयास नको.

तिसरा प्रकार विकत घेण्याचा नसून विकण्याचा आहे. २०१२ सालीं वैष्णोदेवी संस्थानाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघालेलें पांच रुपयांचें नाणें लाखोंना घेतों, अशी जाहिरात व्हॉट्सअॅपवर फिरते. नाणें हातीं असलेला गरीब माणूस फोन करितो. मग नोंदणीचे इतके, कराचे इतके, असें म्हणून त्याच्याकडूनच पैसे काढितात. रिझर्व्ह बँकेनें ४ ऑगस्ट २०२१ रोजीं पत्रक काढून बजाविलें, कीं अशा व्यवहारांशीं आपला कांहीं संबंध नाहीं, आणि कोणासहि आपण अशी वसुली करण्याचा अधिकार दिलेला नाहीं.

हें पाप कांहीं इंटरनेटनेंच आणिलें असें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत टांकसाळीचा अधिकारी ‘लक्षणाध्यक्ष’ आणि नाणीं पारखणारा ‘रूपदर्शक’ असे दोन निराळे अधिकारी सांगितले आहेत, आणि ‘कूटरूप’ म्हणजे खोटें नाणें करणारास हुडकून काढण्याचे उपायहि दिले आहेत. जर्मनींत बेकर नांवाचा एक गृहस्थ १८३० सालीं वारला. तो प्राचीन ग्रीक व रोमन नाण्यांच्या नकला करी, आणि नवेपणा झिजावा म्हणून तीं नाणीं लोखंडाच्या किसासह पेटींत घालून आपल्या गाडीखालीं बांधी व फेरफटक्यास नेई. अमेरिकेंत १९७३ सालीं कायदाच झाला, कीं नाण्याच्या नकलेवर ती नकल असल्याचा शिक्का असलाच पाहिजे. आपल्याकडे रायगडाच्या आठवणीसाठीं म्हणून होनाच्या नकला उघडपणें विकल्या जातात. त्यांत कांहीं गैर नाहीं. परंतु त्यांवर तसा शिक्का असता, तर एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांना ‘आठवण’ पुसून ‘अस्सल’ लिहिणें इतकें सोपें झालें नसतें.

आणि त्या ‘पडक्या वाड्याच्या पायांत’ या शब्दांचें काय? १८७८ च्या कायद्यान्वयें जमिनींत सांपडलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा कलेक्टरास कळविलाच पाहिजे. आणि १९७२ च्या पुरावस्तु-कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं. म्हणजे विकणाराची हकीकत खरी असेल तर होन चोरीचा, आणि हकीकत खोटी असेल तर बहुधा होनहि खोटा. दोन्ही पक्षीं तो घेऊं नये, हें अनुमान तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठांतलें. आमच्याच जिल्ह्यांत तुळजापूरच्या मंदिरांतील ७१ प्राचीन नाणीं नाहीशीं झाल्याबद्दल २०२० सालीं गुन्हा नोंदविला गेला, तेव्हां आम्हीं किती हळहळ व्यक्त केली होती! आणि पांच वर्षेंहि लोटलीं नाहींत तों, जुनें नाणें कोठून आलें हें न विचारतां त्याच्यासाठीं साक्षीला उभे राहिलों.

विद्यार्थ्यानें १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली, पोलिसांत अर्जहि दिला. फसवणूक होतांच त्या क्रमांकावर कळविलें, तर रक्कम मध्येंच अडविली जाण्याचा संभव असतो. येथें आठ दिवस उलटून गेले होते, आणि विकणारानें आपलें खातें बंद केलें होतें. पैशाचा माग अद्याप लागलेला नाहीं.

चार दिवसांनीं तो पुन्हां घरीं आला. आतां बोलणीं खावीं लागणार, असें मनाशीं धरून आम्ही बसलों होतों. त्यानें खिशांतून आमचें पत्र काढलें, घडी न उलगडतां आमच्या हातांत दिलें, आणि हळूच म्हणाला, “गुर्जी, हे तुमच्यापाशीच ठेवा. भावानं पोलिसांना दाखवायचं म्हटलं, मीच नको म्हटलं. उगं तुमचं नाव यायचं.”

साठ हजार गेलेला माणूस आमच्या नांवाची काळजी वाहत होता. शब्दरूपें चुकल्याबद्दल ज्याला आम्हीं बांकावर उभा केला होता, तो हा. त्याला काय उत्तर द्यावें तें आम्हांस सुचलें नाहीं. चहासुद्धां कुटुंबानेंच विचारला.

निम्मा तोटा आपला, असें आम्हीं त्याच रात्रीं ठरविलें. तो घेईना. “तुमच्याकडून पैसे घेतले तर तोंड कुठं दाखवू?” असें म्हणून उठूं लागला. तेव्हां कुटुंब पुढें झालें, आणि म्हणालें, “तुला कोण देतंय? मुलीच्या फीचे आहेत. ते तिच्या हाती पडतील.” तेव्हांपासून आमच्या पेन्शनींतून दरमहा दोन हजार रुपये त्या मुलीकडे जातात. पंधरा हप्त्यांपैकीं पांच राहिले आहेत. मुलगी पुण्यास शिकत आहे. तिच्या बापानें बाकीसाठीं कर्ज काढलें, तेंहि खरें. सुटींत ती आली होती, तेव्हां तिला घेऊन आम्ही तेरला गेलों, आणि तेथील संग्रहालयांतील सातवाहनांचीं नाणीं कांचेआडून पाहून आलों. खोटें ओळखावयाचें तर आधीं खरें पुष्कळ पाहिलें पाहिजे, एवढा पाठ आम्ही दोघांनीं एकाच दिवशीं घेतला. विद्यार्थी कोण आणि गुरुजी कोण, हा प्रश्न कोणीं काढला नाहीं.

खोटा होन करणारानें तांब्यावर सोन्याचा मुलामा दिला. परंतु केवळ त्या मुलाम्यावर साठ हजार रुपये हलले नसते. ते हलले छत्तीस वर्षांच्या शिक्षकीच्या मुलाम्यावर, आणि तो आम्हीं चढविला. बनावट नाणें एकटें चालत नाहीं. त्याला कोणा तरी भल्या माणसाची ग्वाही लागते. आणि ती ग्वाही बहुधा लोभानें नव्हे, तर ‘मला कळत नाहीं’ म्हणण्याच्या लाजेनें दिलेली असते. घरांतील वडील माणसें, वैद्यकीचे सल्ले देणारे शेजारी, जमिनीच्या व्यवहारांत मध्यस्थी करणारे आमच्यासारखे सेवानिवृत्त, या सर्वांनीं आपापली पोतदारी एकदां तपासून पाहावी, अशी आमची हात जोडून विनंति आहे.

तो होन आणि तें पत्र एकाच डबींत ठेविलें आहे. गेल्या दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या ताटांत आजोबांचे चांदीचे दोन रुपये मांडले. डबी कपाटांतच राहिली. लोक अजूनहि नाणीं घेऊन येतात. मागच्या आठवड्यांत एक गृहस्थ रामपंचायतनाचा ‘एक आणा’ घेऊन आले. तें नाणें नव्हे, असें आम्हीं ठामपणें सांगितलें, कारण तेवढें आम्हांस खरोखरच ठाऊक आहे. दुसरे एक जण सोन्याच्या मोहरेसारखा दिसणारा झिजका तुकडा घेऊन आले, आणि आमच्या तोंडाकडे पाहत बसले. आम्हीं भिंग हातांत घेतलें, पुष्कळ वेळ पाहिलें, तुकडा परत केला, आणि म्हणालों, “आम्हांस यांतलें कळत नाहीं.” ते जरा खट्टू होऊन गेले. जिना उतरतांना सोबतच्या माणसाला ‘गुरुजींचें आतां वय झालें’ असें म्हणाले, तें आम्हीं ऐकलें. आणि त्यांना परत हांक मारली नाहीं.